उंचीची किंमत

श्रीनगरहून उत्तरेकडे निघालेला रस्ता वुलर सरोवराच्या अंगाने बांदीपोऱ्याला पोहोचतो आणि तिथून चढू लागतो. राझदान खिंडीत तो साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंचीवर असतो. खिंडीपलीकडे वळणे घेत तो पुन्हा उतरतो आणि कंझलवानपाशी किशनगंगेला भेटतो. इथून नदीच्या उगमाच्या दिशेने वर जाताना आधी धरण लागते, त्याच्या पाठीमागे पसरलेले पाणी दिसते, काठाला बडवान, खोपरी अशा लहान वस्त्या लागतात आणि मग दावर येते. दावर हे गुरेझ खोऱ्याचे मुख्य गाव. त्याच्या मागे हब्बा खातून नावाचे त्रिकोणी टोकदार शिखर उभे आहे. सोळाव्या शतकातल्या काश्मिरी कवयित्रीचे नाव या डोंगराला मिळाले आहे.

बांदीपोऱ्यापासून दावर ८५ किलोमीटरच्या आसपास आहे. उन्हाळ्यात हे अंतर काही तासांचे असते. हिवाळ्यात खिंड बर्फाखाली गेली की ते कित्येक महिन्यांचे होते. दुसऱ्या बाजूला, धरणापासून नदीच्या प्रवाहाबरोबर दहा-बारा किलोमीटर गेले की नियंत्रण रेषा येते. तिच्या पलीकडे हीच नदी नीलम नावाने वाहते.

अशा या जागेवर भारताने ३३० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प बांधला. त्यासाठी शेजारी देशाशी आंतरराष्ट्रीय लवादापुढे वाद लढला आणि काश्मीरच्या पोटातून तेवीस किलोमीटरचा बोगदा काढला. एवढ्या आडवळणाच्या खोऱ्यात हे सारे करण्याचे कारण एका शब्दात सांगता येते: उंची. गुरेझची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि डोंगरापलीकडचे वुलर सरोवर सुमारे १,५८० मीटरवर. दोन्ही जागा एकमेकींच्या जवळ आहेत, पण त्यांच्यात आठशे मीटरचा फरक आहे. वीज निर्माण करणाऱ्या अभियंत्याला हा फरक म्हणजे ठेवा वाटतो. तिथे राहणाऱ्या माणसाला मात्र त्याच उंचीमुळे वर्षाचा मोठा भाग कोंडून घ्यावा लागतो. गुरेझची गोष्ट या दोन अर्थांच्या मध्ये घडते.

सरहद्द जुनी, रेषा नवी

गुरेझचे लोक काश्मिरी नाहीत. ते दरद-शिन आहेत आणि त्यांची भाषा शिना. हीच भाषा गिलगिट, अस्तोर आणि कारगिलजवळच्या द्रास भागात बोलली जाते. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त काश्मीरच्या उत्तरेकडचे शेजारी म्हणून दरदांचा उल्लेख वारंवार येतो. त्यांच्या स्वाऱ्या रोखण्यासाठी काश्मीरच्या राजांनी दुग्धघात नावाचा किल्ला राखला होता, असेही कल्हण सांगतो. ऑरेल स्टाइन या संशोधकाने हा किल्ला गुरेझच्या वाटेवरच्याच डोंगरात ओळखला. हे खोरे हजार वर्षांपूर्वीही सरहद्दच होते.

पण ती सरहद्द ओलांडण्याची होती. बांदीपोरा, राझदान, गुरेझ, मग बुर्झील खिंड, अस्तोर आणि गिलगिट असा हा मार्ग होता. १८९०च्या दशकात ब्रिटिशांनी गिलगिटमधल्या आपल्या ठाण्यासाठी हा रस्ता बांधून काढला, तेव्हा गुरेझ हा त्यावरचा नेहमीचा मुक्काम झाला. रसद नेणारे तट्टांचे आणि हमालांचे तांडे इथून जात. ज्या गावाला आज आपण 'शेवटचे' म्हणतो ते तेव्हा मधले होते.

१९४७ साली हा रस्ता तुटला. गिलगिटच्या बाजूने आलेल्या फौजांनी गुरेझ घेतले. जून १९४८च्या अखेरीस भारतीय सैन्याने ते परत मिळवले. १ जानेवारी १९४९ रोजी युद्धबंदी झाली आणि सैन्ये जिथे थांबली होती तिथून रेषा गेली. सिमला करारानंतर १९७२ मध्ये तिला नियंत्रण रेषा हे नाव मिळाले. बुर्झील पलीकडे राहिली आणि अस्तोर, गिलगिटचे नातेवाईकही पलीकडे राहिले. गुरेझचा उत्तरेकडचा दरवाजा कायमचा बंद झाला. दक्षिणेकडचा राझदानचा दरवाजा उरला, पण तोही वर्षातले काही महिने निसर्ग लावून घेतो.

म्हणून इथले आयुष्य साठवणुकीवर चालते. बटाटा आणि राजमा ही इथली पिके. उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत शेत करायचे, गवत कापून वाळवायचे, भाज्या वाळवायच्या, जळण रचायचे आणि धान्य भरून ठेवायचे. घरे लाकडी ओंडके एकावर एक रचून बांधलेली असतात. पुष्कळ घरांत खालच्या मजल्यावर गुरे आणि वर माणसे राहतात, कारण हिवाळ्यात गोठ्यापर्यंत जाण्यासाठीही बर्फ उपसावे लागते. ज्यांना जमते ते हिवाळ्यापुरते बांदीपोऱ्याला किंवा श्रीनगरला उतरतात. आजारी माणसाला हवामान बरे असेल त्या दिवशी हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागते. लष्करासाठी हमाली करणे हे कित्येक कुटुंबांच्या रोख पैशाचे साधन आहे. जानेवारी २०१७ मध्ये या भागात हिमस्खलने झाली, त्यांत डझनाहून अधिक जवान मृत्युमुखी पडले आणि एका घरातली माणसेही गाडली गेली. उंचीची ही एक बाजू.

पाणी जाते कुठे?

दुसरी बाजू समजण्यासाठी मराठी वाचकाला फार लांब जायला नको. कोयना आठवावी. कोयनेचे पाणी निसर्गाने पूर्वेकडे, कृष्णेकडे पाठवलेले. त्यातला वाटा सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून पोफळीच्या भूमिगत वीजघरात कित्येकशे मीटर खाली सोडला आणि वाशिष्ठी नदीत नेऊन मिळवला. किशनगंगा प्रकल्पाची मूळ कल्पना तीच आहे. किशनगंगा निसर्गतः पश्चिमेकडे वाहते, नियंत्रण रेषा ओलांडते आणि मुझफ्फराबादजवळ दोमेल इथे झेलमला मिळते. धरणाने तिचे काही पाणी अडवून सुमारे तेवीस किलोमीटरच्या बोगद्यातून दक्षिणेकडे वळवले आहे. ते डोंगरापलीकडे क्रालपोऱ्याजवळच्या भूमिगत वीजघरात पडते, तिथली पेल्टन जातीची चाके फिरवते आणि बोनार नाल्यातून वुलर सरोवरात जाते. वुलरमधून झेलम बाहेर पडतेच. म्हणजे वळवलेले पाणीही शेवटी झेलमच्याच वाटेने पुढे जाते. वाटेत उरी इथल्या ४८० आणि २४० मेगावॉटच्या दोन वीजघरांनाही त्याचा थोडा हातभार लागतो.

फरक धरणात आहे. कोयनेचा जलाशय १०५ टीएमसीचा. किशनगंगेच्या जलाशयाची एकूण क्षमता १.८ कोटी घनमीटर, म्हणजे पाऊण टीएमसीही नाही. त्यातला वापरता येण्याजोगा साठा सुमारे ७५ लाख घनमीटर. वीजघर पूर्ण क्षमतेने चालले तर सेकंदाला सुमारे ५८ घनमीटर पाणी लागते. त्या वेगाने हा साठा दीड दिवसात संपेल. तेव्हा हे धरण पाणी साठवून ठेवत नाही. नदीत आज जेवढे येते त्याची पातळी थोडी उचलायची, बोगद्याच्या तोंडाशी आणायची आणि सोडायची, एवढेच त्याचे काम. अशा योजनेला वाहत्या प्रवाहावरचा प्रकल्प म्हणतात.

मग ३३० मेगावॉट येतात कुठून? इथे शाळेतले भौतिकशास्त्र उपयोगी पडते. पडणाऱ्या पाण्यातून मिळणारी शक्ती दोन गोष्टींवर ठरते: पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते. किशनगंगेच्या वीजघरात पाणी सुमारे साडेसहाशे मीटर उंचीचा फायदा घेऊन येते. सेकंदाला एक घनमीटर पाणी एवढ्या उंचीवरून पडले, यंत्रांतली तूट वजा केली, तर साधारण पावणेसहा मेगावॉट वीज मिळते. त्याला ५८ ने गुणले की ३३० च्या आसपास आकडा येतो. धरणाची भिंत अवघी ३७ मीटर. ती पाडून टाकली आणि दुसऱ्या काही उपायाने पाणी बोगद्यात घातले, तरी वीज जवळजवळ तेवढीच निघेल. भिंतीने दिलेली उंची किरकोळ आहे. खरी उंची डोंगराची आहे.

ही उंची हाताशी आणण्यासाठी डोंगर फोडावा लागला. एनएचपीसी या केंद्र सरकारच्या कंपनीसाठी हे काम मुंबईच्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने केले. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीची सुरुवात बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांपासून झाली होती, आणि कोयनेचे धरणही तिनेच बांधले. हिमालयात बोगदा काढणे मात्र वेगळे प्रकरण. सह्याद्रीचा बेसाल्ट एकसंध, कठीण आणि बराचसा ओळखीचा. हिमालय हा अजून उचलला जात असलेला तरुण पर्वत. त्याचे खडक पिळलेले, भेगाळलेले, मधूनच पाण्याने भरलेले. माथ्यावर हजार मीटरपेक्षा जास्त खडकाचा भार असलेल्या ठिकाणी तो भार बोगद्याला आवळू पाहतो. अशा ठिकाणी गोल चकतीने खडक कातत पुढे सरकणारे अवाढव्य यंत्र वापरायला अभियंते कचरत. ते एकदा आत अडकले की मागे घेता येत नाही. किशनगंगेत मात्र बोगद्याचा चौदा किलोमीटरहून अधिक भाग अशाच यंत्राने काढला आणि उरलेला नेहमीसारखा सुरुंग लावून. २०१४ मध्ये बोगदा आरपार झाला. १९ मे २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला.

नऊ घनमीटरचा खटला

पाणी झेलममध्येच जाते, मग पाकिस्तानची तक्रार कसली होती? तक्रार उंचीचीच होती.

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत सिंधू जल करारावर पंडित नेहरू आणि अयूब खान यांच्या सह्या झाल्या. जागतिक बँकेने मध्यस्थी केली होती. रावी, बियास, सतलज या पूर्वेकडच्या नद्या भारताकडे आल्या. सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेकडच्या नद्यांचे पाणी मुख्यतः पाकिस्तानसाठी राहिले. पश्चिमेकडच्या नद्यांवर भारताला वाहत्या प्रवाहावरची वीज निर्माण करण्याची मुभा मिळाली, पण अटींसह. झेलमच्या एका उपनदीचे पाणी दुसऱ्या उपनदीत सोडण्याचीही सोय करारात होती. अट अशी की पहिल्या उपनदीवर पाकिस्तानचा त्या वेळी अस्तित्वात असलेला शेतीचा किंवा विजेचा वापर बिघडता कामा नये.

'त्या वेळी' या दोन शब्दांवर सगळा खटला उभा राहिला. कारण पाकिस्ताननेही याच नदीवर नीलम-झेलम हा ९६९ मेगावॉटचा प्रकल्प आखला होता. नौसेरीला नदी अडवायची, डोंगराखालून बोगदा काढायचा आणि पाणी चत्तर कलासजवळ झेलममध्ये पाडायचे. म्हणजे त्यांनाही नदीने घेतलेले मोठे वळण छाटून तिची उंची एकदम वापरायची होती. एकाच उतारावर दोन देशांचे दोन बोगदे. वरच्याने नदी वळवली की खालच्याला तेवढे पाणी कमी पडणार.

१७ मे २०१० रोजी पाकिस्तानने लवाद मागितला. हेगमध्ये न्यायमूर्ती स्टीफन श्वेबेल यांच्या अध्यक्षतेखाली लवाद न्यायालय बसले. न्यायालयाच्या सदस्यांनी नदीची आणि दोन्ही प्रकल्पांची प्रत्यक्ष पाहणीही केली. १८ फेब्रुवारी २०१३ च्या अंशतः निवाड्यात न्यायालयाने म्हटले की भारताची योजना २००४ ते २००६ या काळात पक्की झाली होती आणि पाकिस्तानची २००७-०८ मध्ये. भारत आधी होता, म्हणून त्याला पाणी वळवण्याचा हक्क आहे. पण नदी कोरडी करण्याचा नाही. २० डिसेंबर २०१३ च्या अंतिम निवाड्याने आकडा ठरवला: धरणाखाली सेकंदाला किमान ९ घनमीटर पाणी कायम वाहते ठेवायचे. नदीत तेवढेही येत नसेल, तर जेवढे येईल तेवढे सगळे सोडायचे.

हा ९ आकडा कसा वाचायचा? उन्हाळ्यात बर्फ वितळत असताना किशनगंगा फुगलेली असते, तेव्हा नऊ घनमीटर म्हणजे चिमूटभर. हिवाळ्यात मात्र नदी आटते आणि हाच आकडा प्रवाहाचा मोठा वाटा होऊन बसतो. आपल्या पावणेसहाच्या हिशोबाने नऊ घनमीटर सोडणे म्हणजे सुमारे पन्नास मेगावॉटवर पाणी सोडणे. नदीतल्या जिवांना, काठाला आणि खालच्या वस्त्यांना त्याची गरज आहे. आणि विजेची सर्वाधिक टंचाई हिवाळ्यातच असते. तेव्हा हा आकडा नदीचा जीव आणि काश्मीरची हिवाळ्यातली वीज यांच्यामध्ये बांधलेली तडजोड आहे. भारताने पाणी वळवायला सुरुवात केल्यावर सात वर्षांनी कोणताही पक्ष त्याचा फेरविचार मागू शकेल, अशी सोयही न्यायालयाने ठेवली.

निवाड्यातला दुसरा भाग गाळाचा होता. हिमालयातल्या नद्या प्रचंड गाळ आणतात. जलाशय जवळपास रिकामा करून वेगाच्या प्रवाहाने गाळ धुऊन काढणे ही त्यावरची सोपी रीत. पण त्यासाठी धरणाच्या तळाशी मोठी दारे लागतात, आणि तशी दारे असली की वरचा देश पाणी हवे तेव्हा रोखू आणि सोडू शकतो, ही पाकिस्तानची भीती. न्यायालयाने ही रीत किशनगंगेला आणि पुढच्या प्रकल्पांना नाकारली. सीमेवरच्या धरणात गाळ काढण्याची तांत्रिक बाबसुद्धा अविश्वासाच्या कसोटीवर तपासली जाते, हे यातून दिसते.

वाद तिथे संपला नाही. किशनगंगा आणि चिनाबवरचा रतले प्रकल्प यांच्या रचनेवरून २०१६ पासून पुन्हा झगडा सुरू झाला. भारताने तटस्थ तज्ज्ञ मागितला, पाकिस्तानने पुन्हा लवाद. शेवटी दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी सुरू झाल्या आणि भारताने त्यांतल्या लवादात भाग घ्यायला नकार दिला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम इथल्या दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने सिंधू जल करारच स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले. पलीकडच्या नीलम-झेलम प्रकल्पाचीही दुर्दशा झाली. २०१८ मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प २०२२ मध्ये बोगद्यातल्या बिघाडाने बंद पडला, पुढच्या वर्षी सुरू झाला आणि २०२४ मध्ये पुन्हा थांबला. ज्या उंचीसाठी दोन देश हेगपर्यंत गेले ती मिळवणे खडकाच्याही हातात असते.

सपाट जमिनीचा प्रश्न

या सगळ्या कागदपत्रांत बडवानसारख्या वस्तीचे नाव शोधावे लागते. करार दोन राष्ट्रांमधला आहे. त्यात उपनद्या आहेत, घनमीटर आहेत, पण काठावरच्या शेतकऱ्याला पक्षकार म्हणून जागा नाही. तरीही त्याच्या वाट्याला काय येणार ते त्याच कागदांनी ठरवले.

सुरुवातीची योजना सुमारे ७५ मीटर उंच धरणाची आणि मोठ्या साठ्याची होती. २००६ मध्ये ती बदलून ३७ मीटरच्या, वाहत्या प्रवाहावरच्या प्रकल्पाची झाली. आक्षेपांच्या रेट्याने धरण निम्म्यावर आले आणि जलाशय कितीतरी पटींनी आक्रसला. मूळ आराखडा उभा राहिला असता तर खोऱ्याचा फार मोठा तळ पाण्याखाली गेला असता. परदेशाशी असलेल्या कराराने स्वदेशातल्या खोऱ्याचा एवढा भाग वाचवावा, हा विचित्र योगायोग आहे.

उरलेल्या बुडिताची किंमत मात्र बडवान आणि शेजारच्या वस्त्यांनी मोजली. जलाशय लहान आहे असे अभियंता म्हणतो तेव्हा तो देशातल्या इतर जलाशयांशी तुलना करत असतो. गुरेझच्या माणसाची तुलना वेगळी असते. इथे दोन्ही बाजूंना उभे डोंगर आहेत आणि शेती होते ती नदीकाठच्या अरुंद पट्टीत. त्या पट्टीतली सपाट जमीन गेली की वर सरकायला जागा नसते. वर आहे तो उतार, जंगल आणि हिमस्खलनाची वाट. भरपाईच्या पैशातून गुरेझमध्ये तेवढीच जमीन पुन्हा विकत घेता येत नाही, कारण ती विकायला कुणाकडे नाही. म्हणून विस्थापित झालेल्या पुष्कळ कुटुंबांनी पैसे घेऊन डोंगर उतरून काश्मीर खोऱ्यात घरे केली. शिना बोलणाऱ्या लहानशा समाजातून कुटुंबे अशी कमी होणे म्हणजे शेजार, बोली आणि हिवाळ्यात एकमेकांच्या छपरावरचे बर्फ उपसणारे हातही कमी होणे. १९८९ मध्ये दरद-शिन यांना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. पण भूसंपादनाच्या तक्त्यात मोजले जाते ते घर, झाड आणि जमिनीचे क्षेत्रफळ.

जे राहिले त्यांच्या समोर धरणाचे पाणी आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत दोन्ही सैन्यांनी युद्धबंदी पाळण्याचे ठरवले, त्यानंतर तोफांचा आवाज थांबला आणि उन्हाळ्यात पर्यटक वाढले. घरातल्या खोल्या भाड्याने देणे, तंबू लावणे, गाड्या चालवणे असे नवे उत्पन्न आले. ते शांततेवर आणि उघड्या खिंडीवर अवलंबून आहे. दोन्हींपैकी एकही गुरेझच्या हातात नाही.

वीज परत येते

आता या प्रकरणाचा मुख्य आकडा. २०१८ च्या मे महिन्यात प्रकल्प राष्ट्रार्पण झाला तेव्हा गुरेझ राष्ट्रीय वीजजाळ्याला जोडलेले नव्हते. दावर आणि आसपासची गावे डिझेलवर चालणाऱ्या जनित्रांवर अवलंबून होती. ती संध्याकाळचे काही तास चालत. त्यांचे डिझेलही बर्फ पडण्याआधी राझदान ओलांडून आणून साठवावे लागे. ३३ केव्हीचे उपकेंद्र उभे राहून खोरे पहिल्यांदा वीजजाळ्याला जोडले गेले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये, तेही काही पंचायतींपुरते. प्रकल्प सुरू होण्यात आणि प्रकल्पाच्या गावात दिवा लागण्यात साडेपाच वर्षे गेली.

दिव्याखाली अंधार, असे म्हणून हा विषय संपवता येईल. पण तो अंधार का होता हे पाहिले तर त्यातून जास्त शिकता येते. वीज गुरेझमध्ये तयार होतच नाही. गुरेझमध्ये पाणी बोगद्यात शिरते. वीज तयार होते डोंगरापलीकडे, खाली, बांदीपोऱ्याच्या बाजूला. तिथून तिला काश्मीर खोऱ्यातल्या मोठ्या उपकेंद्रांकडे नेणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या निघतात. पाण्याला खाली जायला बोगदा मिळाला. विजेला वर यायला मात्र तोच डोंगर ओलांडावा लागतो, जिथे हिवाळ्यात खांब बर्फात बुडतात, तारांवर हिम साचते आणि हिमस्खलन एका फटक्यात सगळे खाली नेते. खर्च मोठा आणि ग्राहक थोडे. बाजाराच्या हिशोबात अशी वाहिनी कधीच बसत नाही. ती बसवावी लागते. ज्या उंचीमुळे वीज निर्माण करणे परवडले, तीच उंची वीज पोहोचवणे महाग करते.

याची जाणीव धोरणालाही नाही असे म्हणता येत नाही. केंद्र सरकारच्या जलविद्युत प्रकल्पातून यजमान राज्याला १२ टक्के वीज मोफत द्यायची आणि आणखी एक टक्का स्थानिक विकासासाठी ठेवायचा, असा नियम आहे. किशनगंगेतून जम्मू-काश्मीरला अशी १३ टक्के वीज मिळते. पण हा वाटा श्रीनगरच्या भारनियमनात विरघळतो. आणि 'स्थानिक' कोण, या प्रश्नाला या प्रकल्पात दोन उत्तरे आहेत. वीजघर जिथे आहे ते बांदीपोऱ्याच्या बाजूचे लोकही स्थानिकच. धरण आणि बुडीत मात्र गुरेझमध्ये आहे. नकाशावर प्रकल्प एक असला तरी त्याचे नुकसान एका खोऱ्यात आणि यंत्रे दुसऱ्या खोऱ्यात आहेत.

हिशोबाची रीत

किशनगंगा हे वाईट धरण आहे असा निष्कर्ष यातून निघत नाही. लहान जलाशय, मोठी उंची, मर्यादित विस्थापन, नदीसाठी राखून ठेवलेला प्रवाह. या निकषांवर ते देशातल्या कितीतरी धरणांपेक्षा सरस ठरेल. काश्मीरला हिवाळ्यात विजेची गरज आहे आणि जळणापेक्षा पाण्याची वीज बरी, हेही खरे. प्रश्न मोजण्याच्या रीतीचा आहे.

हेगमध्ये नदी घनमीटरांत मोजली गेली, कारण तिथे दोन देश होते. दिल्लीत ती मेगावॉटांत मोजली गेली, कारण तिथे वीजमंत्रालय होते. दोन्ही मोजमापांत एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे डोंगराची उंची फुकट आहे. ती कुणाच्या मालकीची नाही, म्हणून तिचे भाडे कुणाला द्यायचे नाही. पण त्या उंचीवर राहण्याचा खर्च कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या भरत आले आहे: वाळवलेल्या भाजीत, रचलेल्या जळणात, हेलिकॉप्टरच्या प्रतीक्षेत आणि बर्फाखाली गेलेल्या माणसांत. उंची वापरायची तर ती राखणाऱ्यांचा खर्चही प्रकल्पाच्या खर्चातच धरायला हवा. त्यासाठी दयेची गरज नाही, जमाखर्चाची आहे. राझदान ओलांडणारी वीजवाहिनी तेवीस किलोमीटरच्या बोगद्याबरोबरच बांधायला घेतली असती, तर तिचा खर्च एकूण आकड्यात किरकोळ ठरला असता.

हिमालयात पुढेही धरणे होणार आहेत आणि त्यांतली बरीच सरहद्दीजवळ असतील, कारण उंच जागा आणि सरहद्दी या पर्वतात एकाच ठिकाणी येतात. अशा प्रत्येक प्रकल्पाच्या माहितीपत्रकात क्षमता, भिंतीची उंची, बोगद्याची लांबी आणि उद्घाटनाची तारीख छापलेली असते. त्याच कोष्टकात आणखी एक ओळ घालायला हरकत नसावी: धरणाच्या काठावरच्या गावात वीज आल्याची तारीख. गुरेझसाठी त्या दोन तारखांमधले अंतर साडेपाच वर्षे आहे. पुढच्या प्रकल्पात ते शून्य असेल, तेव्हा आपण उंचीची किंमत मोजायला शिकलो असे म्हणता येईल.